टाकलेल्या थाळीचा हिशेब

बँकेच्या छत्तीस वर्षांच्या सेवेत मी किती कागदांवर सह्या केल्या असतील, याची गणती नाही. कर्जमंजुरीची पत्रे, तारणखते, दिवसअखेरचे ताळे, वार्षिक ताळेबंद. त्यांतील एकाही सहीची आज मला रुखरुख नाही. रुखरुख आहे ती निवृत्तीनंतर, पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन सह्यांची. पहिली सही बाराशे रुपयांच्या एका बिलावर होती आणि दुसरी एका निवेदनावर. या दोन सह्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे उमगायला मला आणखी काही आठवडे जावे लागले.

ही गोष्ट २०१८ च्या प्रारंभीची. निवृत्त होऊन मी पडेगावच्या घरी स्थिरावलो होतो. हिशेबाचा माणूस मोकळा झाला आहे म्हटल्यावर समाजबांधवांनी आमच्या छोट्या समितीचे खजिनदारपद माझ्याकडे सोपवले. समितीचा एक चांगला उपक्रम होता. वस्तीजवळच्या एका शाळेतील सुमारे सहाशे मुलांना महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी भोजन दिले जाई. शिवाय कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी, कुणाच्या तपाचे पारणे, कुणाचा वाढदिवस, अशा निमित्तांनी वर्षातून दहा-बारा वेळा शाळेत पंगत बसे. पुरी, वाटाण्याची उसळ, मसालेभात आणि बुंदी असा ठरलेला बेत असे.

या भोजनात जयणा किती पाळली जाई, हे सांगितले पाहिजे. कांदा, लसूण, बटाटा स्वयंपाकघरात येत नसे. धान्य दोनदा निवडले जाई, पीठ चाळले जाई, पाणी दुहेरी गरण्यातून गाळले जाई. चुलीजवळ मुंगी दिसली तर आमच्या भगिनी ती अलगद उचलून बाहेर ठेवत. एवढे सगळे करून तो आहार ज्या थाळीत वाढला जाई, तिच्याबद्दल मात्र कुणी कधी विचारले नव्हते. ती थर्माकोलची, चार कप्प्यांची, पांढरीशुभ्र ताटली. दर नगाला दोन रुपये. सहाशे ताटल्यांचे बाराशे रुपये झाले आणि मी बिल मंजूर केले. ती पहिली सही.

दुसऱ्या सहीची पार्श्वभूमी आपल्या शहरातील वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हाच्या औरंगाबादचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ पूर्वेकडील नारेगावच्या डेपोवर पडत होता. त्या परिसरातील गावकऱ्यांनी दुर्गंधी, धूर आणि दूषित पाणी वर्षानुवर्षे सोसले आणि अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात रस्त्यारस्त्यांवर ढीग साचू लागले. कचरा न्यायचा कुठे, हा प्रश्न उभा राहिला आणि शोधणाऱ्यांची नजर पश्चिमेकडे वळली. ७ मार्च रोजी आमच्या शेजारच्या मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्या आल्या. लोक रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली, लाठीमार झाला. पडेगावातही त्या रात्री कुणाला नीट झोप लागली नसेल. पुढच्या दोन-तीन दिवसांत आमच्या वस्तीत एक निवेदन फिरले. ‘शहराचा कचरा आमच्या दारात नको.’ मी चष्मा लावून ते पूर्ण वाचले आणि ठसठशीत सही केली. ती दुसरी सही.

मग २३ मार्च उजाडला. राज्य शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. थर्माकोलच्या ताटल्या, पेले, वाट्या, सारेच तिच्या कक्षेत आले. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांचा कारावास. जन्मकल्याणक २९ मार्चला होते आणि आमच्या सहाशे ताटल्या माझ्याच घराच्या माळ्यावर होत्या.

समितीची तातडीची बैठक झाली. शासनाने असलेल्या साठ्याची विल्हेवाट लावायला मुदत दिली होती. ती पुढे २३ जूनपर्यंत वाढली. या ‘विल्हेवाट’ शब्दाचा आम्ही आमच्या सोयीचा अर्थ लावला. वापरून संपवणे ही विल्हेवाटच नव्हे का? असे म्हणणारा मीच होतो. “पैसा समाजाचा आहे, माल घेतलेला आहे, तो वाया कसा घालवायचा?” असे मी म्हणालो आणि खजिनदाराचे मत सर्वांनी मानले.

पंगत उत्तम झाली. मुले तृप्त झाली. सामान आवरून आम्ही निघालो, तेव्हा मला माझी छत्री शाळेत राहिल्याचे आठवले. मार्चच्या उन्हासाठी ती जवळ बाळगत असे. परत गेलो, तर शाळेच्या मागच्या भिंतीजवळ काळा धूर उठत होता. शाळेची स्वच्छता करणाऱ्या मावशी पदराने नाक झाकून काठीने ढीग सारखा करत होत्या. आमच्या सहाशे ताटल्या जळत होत्या. जळत होत्या म्हणण्यापेक्षा वितळत होत्या, चिकट काळे थेंब होऊन मातीत उतरत होत्या. त्यांना चिकटलेली बुंदी आणि भात त्यातच होता, आणि त्या भाताला लागलेल्या मुंग्याही.

मी म्हणालो, “मावशी, हे जाळता कशाला?”

त्या म्हणाल्या, “जाळू नको तर काय करू, साहेब? कचरा उचलायला गाडी येईना झालीय. भंगारवाला हात लावत न्हाई. ठेवलं तर वाऱ्यानं समद्या मैदानात उडतंय.”

तिन्ही उत्तरे बिनतोड होती. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन. त्यात बहुतांश हवाच असते. म्हणून ते स्वस्त, म्हणून ते हलके आणि म्हणूनच भंगारात त्याला मोल नाही, कारण भंगार वजनावर विकले जाते. ते कुजत नाही, फक्त तुटून बारीक मणी होते. ते मणी गटारात जातात, नाल्यात जातात, गुरांच्या पोटात जातात. ज्या स्टायरिनपासून ते बनते, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याच २०१८ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकले. गरम आणि तेलकट अन्नात त्याचा अल्पसा अंश उतरू शकतो. आम्ही त्यात गरम पुऱ्या वाढल्या होत्या.

पण त्या क्षणी मला हे शास्त्र आठवले नाही. मला माझ्या दोन सह्या आठवल्या. ज्या हाताने मी ‘कचरा आमच्या दारात नको’ असे लिहून दिले, त्याच हाताने तीन आठवड्यांपूर्वी सहाशे नगांचा कचरा विकत घेतला होता. कचरा शहराचा होता आणि मी गावचा, असे मला वाटत होते. वास्तविक तो ढीग माझाच होता. नारेगावच्या लोकांनी तीन दशके जे सोसले, त्यातही माझ्या नोकरीतील निरोपसमारंभांच्या, शाखेच्या वर्धापनदिनांच्या ताटल्या होत्याच. कचरा पूर्वेला नेला काय आणि पश्चिमेला आणला काय, पळसाला पाने तीनच.

त्या चातुर्मासात प्रवचनात पाच समितींचा विषय निघाला. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि परिष्ठापनिका. पहिल्या चारांवर मी यापूर्वीही ऐकले होते. पाचवी साधुसाध्वींपुरतीच आहे, असे समजून मी कधी लक्ष दिले नव्हते. साध्वीजी म्हणाल्या की, त्याज्य वस्तू कुठे, कशी परठवायची याचाही विवेक भगवंतांनी सांगितला आहे. जागा निर्जीव आहे का, कुणाला बाधा होणार नाही ना, हे पाहूनच वस्तू सोडायची. मी चमकलो. घेण्याचे नियम जगातील सगळ्याच धर्मांत असतील, पण टाकण्याला व्रताचे स्थान देणारी आपली परंपरा आहे. श्रावकाला ही समिती साधूसारखी बंधनकारक नसेल, परंतु त्याच्यासाठी अनर्थदंड विरमण व्रत आहेच. ज्या हिंसेने कोणतेही प्रयोजन साधत नाही, ती टाळावी. प्रमादाचरण, म्हणजे निष्काळजीपणाने घडलेली हिंसा, हाही अनर्थदंडाचाच प्रकार. वीस मिनिटांच्या जेवणासाठी शतकानुशतके न कुजणारी वस्तू वापरणे आणि मग तिचे काय झाले हे न पाहणे, याला दुसरे कोणते नाव देणार?

मला माझी आई आठवली. जेवण झाले की ती थाळीत थोडे पाणी घाली, बोटाने थाळी निपटून घेई आणि ते पाणी पिऊन टाकी. उष्ट्यात दोन घटिकांत, म्हणजे ४८ मिनिटांत, सम्मूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, म्हणून अन्नाचा कणही मागे राहू द्यायचा नाही, एवढेच तिचे शास्त्र. शाळकरी वयात मित्रांसमोर मला तिच्या या सवयीची लाज वाटे. तिच्या उभ्या आयुष्यात तिच्या जेवणातून टाकायला काही उरले नाही.

संवत्सरीच्या दिवशी सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून झाल्यावर मी शाळेत गेलो आणि मावशींसमोर हात जोडले. धुराबद्दल क्षमा मागितली. त्या संकोचल्या आणि मग व्यवहारी बोलल्या, “माफीचं ऱ्हाऊ द्या, साहेब. स्टीलच्या थाळ्या आणा. घासायचं मी बघते. पर रोजगार द्यावा लागंल अन् घासण्याबी.” समितीच्या पुढच्या बैठकीत मी मांडलेला प्रस्ताव हा वस्तुतः मावशींचा होता.

विरोध झाला, आणि तो पोकळ नव्हता. एक ज्येष्ठ श्रावक म्हणाले, “पाण्याच्या एका थेंबात असंख्य अप्काय जीव. सहाशे थाळ्या धुण्यात किती हिंसा होईल? शिवाय हा मराठवाडा आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येते. जायकवाडीचे पाणी इतक्या लांबून आणायचे ते भांडी घासायला?” याचे उत्तर वादाने देण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही मोजून पाहिले. नळाखाली थाळी धरायची नाही, असे ठरवले. तीन घंगाळी मांडली. पहिल्यात निपटलेली थाळी बुडवायची, दुसऱ्यात घासायची, तिसऱ्यात विसळायची. सहाशे थाळ्यांना दोनशे लिटरची दोन पिंपे पाणी लागले, म्हणजे थाळीमागे पाऊण लिटरहून कमी. विसळलेले पाणी आवारातील कडुनिंबांना घातले. तरीही हिंसा शून्य झाली नाही, हे मी मान्य करतो. संसारात ती शून्य होत नाही. पण हे पाणी प्रयोजनाचे आहे आणि डोळ्यांसमोर खर्च होते. तो धूर निष्प्रयोजन होता आणि आमच्या पाठीमागे झाला होता. हे ऐकल्यावर त्या ज्येष्ठांनीच पन्नास थाळ्यांची रक्कम दिली.

आता जमाखर्च. वर्षाला बारा पंगती, प्रत्येकी सहाशे ताटल्या, दर दोन रुपये, म्हणजे थर्माकोलचा वार्षिक खर्च १४,४०० रुपये. स्टीलची कप्प्यांची थाळी आम्हाला ९५ रुपयांना पडली, एकूण ५७,००० रुपये. घासणाऱ्या दोघी मावशींना प्रत्येकी ४०० रुपये, वर्षाचे ९,६०० रुपये. वर्षाला बचत ४,८०० रुपये, म्हणजे गुंतवणूक वसूल व्हायला सुमारे बारा वर्षे. एखाद्या कर्जदाराने असा प्रस्ताव आणला असता, तर मी कपाळाला आठी घातली असती. परंतु बँकेच्या ताळेबंदाखाली एक टीप असते, संभाव्य दायित्वांची. ती रक्कम बेरजेत धरत नाहीत, पण जाणता माणूस आधी तीच वाचतो. दोन रुपयांच्या ताटलीखाली ही टीप कुणी छापलेली नसते. तिची विल्हेवाट लावण्याचा खर्च महापालिका भरते, नारेगाव भरते, मावशींची फुप्फुसे भरतात. तो बिलात आला असता, तर स्टील पहिल्याच दिवशी स्वस्त ठरले असते.

देणगीदारांची नावे थाळ्यांवर कोरायची की नाही, यावर एक बैठक खर्ची पडली. शेवटी नावांऐवजी १ ते ६०० असे क्रमांक कोरले. मोजदाद सोपी झाली. मुलांनाही मजा वाटू लागली. १८ क्रमांकाच्या थाळीसाठी भांडणे होत, कारण तो विराट कोहलीचा क्रमांक.

पहिल्या दिवसाचा अनुभव मात्र मी विसरणार नाही. पंगत झाली, थाळ्या मोजल्या, अकरा कमी भरल्या. चोरीचा संशय मनात येण्याआधी मावशींनी कचऱ्याचा ड्रम आडवा केला. अकराही त्यात निघाल्या. मुलांनी त्या उष्ट्यासकट टाकून दिल्या होत्या. त्यात खोडसाळपणा नव्हता. जेवण झाले की थाळी टाकायची असते, हेच त्यांना आमच्या पंगतींनी आजवर शिकवले होते. घरी स्टीलच्या ताटात जेवणारी ही मुले समारंभात मात्र टाकायला शिकली होती. थर्माकोलचे सर्वांत मोठे नुकसान मला त्या ड्रममध्ये दिसले. वस्तू टाकली की संपली, असा भ्रम ते मनात रुजवते. आम्ही मुलांना थाळी धुऊन पिण्याचा आग्रह केला नाही, ती आपली साधना. एवढेच सांगितले की, लागेल तेवढे घ्या, घेतलेले संपवा आणि थाळी स्वतः घंगाळाशी नेऊन द्या. चौथ्या पंगतीला ड्रममध्ये एकही थाळी सापडली नाही.

मार्ग सरळ गेला, असे नाही. करोनात शाळा बंद झाल्या आणि थाळ्या दीड-दोन वर्षे पोत्यांत पडून राहिल्या. शाळा उघडल्यावर पालक म्हणाले, सामायिक थाळ्या नकोत. काही पंगतींत आम्ही चकाकणाऱ्या चंदेरी कागदी ताटल्या आणल्या आणि पुन्हा फसलो. त्या कागदावर प्लास्टिकचा मुलामा होता. २०२२ मध्ये राज्य शासनाने अशा ताटल्यांवरही बंदी आणली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून देशभर थर्माकोलच्या ताटल्या बंद झाल्या. मग आम्ही उकळत्या पाण्यातून काढलेल्या स्टीलच्या थाळ्यांकडे परतलो. पाहुणे वाढले तर पळसाच्या पत्रावळी घेतो. काडीने टाचलेली पत्रावळ मातीतून आली आणि मातीत गेली, एवढे तिचे चरित्र.

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे, असेही नाही. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत रोज लक्षावधी मुले थर्माकोलच्या ट्रेमधून जेवत असत. पालकांच्या प्रयत्नांतून २०१० मध्ये तेथे आठवड्यातील एक दिवस ट्रेविना पाळला जाऊ लागला आणि २०१५ मध्ये पुनर्वापरित वर्तमानपत्री कागदापासून बनलेल्या, कुजणाऱ्या ताटल्या आल्या. अडचण दराचीच होती. तेव्हा न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस आदी सहा मोठ्या शहरांच्या शाळांनी मिळून एकत्र खरेदी केली आणि चार सेंटच्या थर्माकोल ट्रेसमोर ४.९ सेंटला ही ताटली मिळवली. यातील व्यवहार माझ्यासारख्याला फार भावला. एकट्याला न परवडणारे चांगले काम एकत्र आले की परवडते. कुजणाऱ्या ताटल्या उसाच्या चोथ्यापासूनही बनतात, आणि आपल्याकडे तर तो साखर कारखान्यांच्या दारात पडलेला असतो आणि बहुतांश बॉयलरमध्येच जातो. बंगळुरूच्या ‘अदम्य चेतना’ संस्थेने समारंभांसाठी स्टीलची भांडी वापरायला देणारी ताटांची बँकच चालवली आहे. जुन्या काळी गावजेवणाची भांडी गावकीच्या मालकीची असत, त्याचेच हे नवे रूप.

आम्हीही आता थाळ्या उसन्या देतो. लग्न, साखरपुडा, पारणे, कोणत्याही समाजाच्या घरी. भाडे नाही, फक्त अनामत रक्कम. नावे-जमा वही माझ्याकडे आहे. किती गेल्या, किती आल्या, कोणता क्रमांक पोचला. आयुष्यभर पैशांचे खाते सांभाळले, आता थाळ्यांचे सांभाळतो.

पडेगावात पुढे महापालिकेचा कचरा प्रक्रिया प्रकल्प झाला. निवेदन देऊनही कचरा आमच्या बाजूला आलाच, आणि यायलाच हवा होता, असे मी आज म्हणतो. शहर आपले असेल तर त्याचे उष्टेही आपलेच. सकाळी फिरायला निघालो की भरलेल्या गाड्या समोरून जाताना दिसतात. पूर्वी मी नाकाला रुमाल लावून मान फिरवत असे. आता गाडीकडे पाहतो आणि मनाशी विचारतो, यात आज माझे किती?

मावशी गेल्या वर्षी कामावरून निवृत्त झाल्या. थाळ्या घासायला त्यांची सून येते. मागच्या पंगतीनंतर तिने मोजून सांगितले, “पाचशे सत्त्याण्णव, काका.” तीन कमी होत्या. मी वहीत तशी नोंद केली आणि ड्रम पाहायला उठलो. ती हसून म्हणाली, “ड्रममध्ये न्हाईत. तिसरीतली तीन पोरं अजून जेवतायत.”